विहीणबाई, नाक खरंच बोलत होतं

विहीणबाई, दिवा गेला. घरातला नव्हे, आपल्या निळीचा. स्टिअरिंगच्या मागचा तो पिवळा, इंजिनाच्या आकाराचा दिवा, ज्याला तुम्ही "डोळे वटारून राहिली बाई" म्हणायचात, तो गेल्या आठवड्यात विझला आणि आज गाडी ती दर वर्षाची सक्तीची तपासणी, एमओटी, होऊन घरी आली तरी पुन्हा लागला नाही. पास झाली आपली निळी. दिवा विझला असं म्हणू नये, मला कळतं. पण हा दिवाच असा, की विझला म्हणून पेढे वाटावेत.

गॅरेजच्या बाहेर येऊन तुम्हाला सांगायला फोन काढला होता मी. नाव शोधलं, दाबणार तेवढ्यात आठवलं. मग तशीच गाडीत बसून राहिले, इंजिन चालू ठेवून. काय आवाज येत होता म्हणून सांगू! मांजर मांडीवर झोपल्यावर करतं ना, तसा. तर फोनवर नाही, कागदावर सांगते. आपली पैज सुटलीय, विहीणबाई. कोण जिंकलं ते शेवटी. तुम्हाला घाई असणार, नेहमीच असायची, पण या खेपेला तुम्हाला मधे बोलता येत नाही, तेव्हा मी सावकाश सांगणार.

माझी केतकी तुमच्या अमेयला दिली तो दिवस आठवतो? मिल्टन कीन्सचा तो हॉल, आणि मी चांदीचं तबक नि कोमट पाण्याचा तांब्या घेऊन उभी. वरमाईचे पाय धुवायचे, आमच्या साताऱ्याकडची रीत. माझ्या आईनं किती विहिणींचे धुतले, कितीजणींनी त्यातही खोट काढली, ते बघत मी वाढलेली. म्हणून पाण्यात गुलाबाच्या पाकळ्याबिकळ्या टाकून जय्यत तयारी. आणि तुम्ही साडी घोट्यापर्यंत उचलून मागे सरलात. "नाही ना बाप्पा! मी सकाळीच धुऊन आली आहे." सगळा हॉल हसला. मला मेलीला त्या पाण्याचं काय करावं कळेना. शेवटी बाहेरच्या कुंडीत ओतलं. तेव्हा मला वाटलं होतं, ही नागपूरची बाई भारी शिष्ट दिसते.

शिष्ट कसली! पुढे तुमचे यजमान गेले आणि अमेय तुम्हाला इकडे इंग्लंडात घेऊन आला, तेव्हा तुम्ही दिवसभर खिडकीशी बसायचात. मी लंडनच्या हॅरोहून केतकीच्या बाळंतपणाला आलेली आणि तिच्या शेजारच्या गल्लीतच राहून गेलेली. रोज डोकवायचे. तुम्ही विचारायचात, "इथं माणसं कुठं ठेवून राहिले हो हे लोक? नुसते गोल गोल रस्ते." एक दिवस मी म्हटलं, चला, हॅरोला मेथी आणायला. कशानं? तर अमेयची जुनी निळी पेट्रोलची गाडी होती ना, त्यानं इलेक्ट्रिक घेतल्यापासून ताडपत्रीखाली पडलेली. तिची बॅटरी बदलली, तेल बदललं, आणि निघालो.

गाड्यांचं मी कुठं शिकलेली नाही हे तुम्हाला माहीत होतं. हॅरोत आमच्या ह्यांची व्हॅन दर थंडीत रुसायची, आणि मी लायब्ररीतलं पुस्तक बॉनेटवर उघडं ठेवून, चित्रं बघत बघत एकेक खोलायचे. तेवढंच माझं कॉलेज. पण तुम्ही त्या पहिल्या दिवशी बॉनेटमध्ये डोकावून म्हणालात, "मलाही सांगा, काय कशाला म्हणतात." विहिणीनं विहिणीला हे विचारलेलं कुणी ऐकलंय का? मानपान विचारतात, आहेर विचारतात. तुम्ही विचारलंत, एअर फिल्टर कुठला.

तेव्हापासून दर गुरुवारी हॅरो. गाडी मी चालवायचे असं लोकांना वाटायचं. खरं तर चालवायचात तुम्ही, डाव्या सीटवरून, लायसन्स नसताना. "हा सोडा, पुढचा घ्या! अहो पुढचा! चला, आता फिरा परत गोल." एकदा एकाच राउंडअबाउटला आपण इतक्या फेऱ्या मारल्या, की मी म्हटलं, विहीणबाई, प्रदक्षिणा झाल्या, आता नारळ फोडू या.

नारळावरून आठवलं. गेल्या दसऱ्याला आपण निळीची पूजा केली. आपट्याची पानं इथं कुठली मिळायला? पण तुम्ही फिरायला जायचात त्या रेडवेच्या लाल वाटेवर गिंकोचं झाड शोधून ठेवलं होतंत. आपट्यासारखंच मधे चिरलेलं पान, आणि वर पिकून पिवळंधमक. "आपलं सोनं हिरवं असते हो, यांचं तर खरंच सोनेरी," असं म्हणत पदरभर गोळा करून आणलीत. घरातल्या सगळ्यांना दिलीत, पोस्टमनलासुद्धा दिलंत. बॉनेट उघडून हळदकुंकू लावलंत. "गाडीचा नैवेद्य तेलाचाच," म्हणून घोटभर इंजिन ऑइल घातलंत. मी नारळ आणायला आत गेले होते, तोवर तुम्ही बॉनेट बंदही केलेलं. हे सगळं मी आत्ता सांगतेय, कारण आत्ता त्याला अर्थ आहे. तेव्हा मी पेढा खाल्ला आणि विसरले.

त्यानंतरच्याच गुरुवारी दिवा लागला.

सिग्नलला उभी राहिली की गाडी हुंदके द्यायची. मी माझी ती छोटी डबी स्टिअरिंगखाली खुपसली, जी गाडीचं दुखणं फोनवर सांगते. तिनं सांगितलं, सिस्टीम टू लीन.

"लीन म्हणजे? वाळली?" तुम्ही.

"म्हणजे पिठलं पातळ झालंय. पाणी जास्त, बेसन कमी. इंजिनात हवा जास्त नि पेट्रोल कमी."

"मग टाका ना बेसन."

"टाकतोय ना बिचारा कॉम्प्युटर! ओततोय पेट्रोल, तरी पुरेना."

"त्याला कोण सांगते पातळ झालं म्हणून?"

"ऑक्सिजन सेन्सर. धुराच्या नळीत बसवलेलं नाक समजा. जळून किती हवा उरली ते हुंगतं आणि वर कळवतं. पण हे नाक गाडीइतकंच जुनं आहे. म्हातारं झालंय, काहीतरी बरळतंय."

झालं! तुम्ही डबा बंद केलात, सांबारवडीचा, म्हणजे तुमच्याकडच्या कोथिंबीरवडीचा, आणि माझ्याकडे वळलात. "म्हातारं झालं म्हणून खोटं बोलते काहून? माझ्या सासूबाईंना नव्वदीत खालची फोडणी करपली ते वरच्या मजल्यावर कळे." त्या दिवसापासून तुम्ही माझा फोन मांडीवर घेऊन बसायला लागलात, कॉम्प्युटर किती जास्तीचं पेट्रोल ओततो त्या आकड्यावर डोळा ठेवून. आणि एम वन हायवेवर एकदम म्हणालात, "विहीणबाई, गाडी उभी असली की आकडा चढून राहिला, आणि पळाली की उतरून राहिला. नाक बिघडलं असतं तर पळतानाही बिघडलेलंच राहिलं असतं ना? कुठून तरी चोरून हवा घुसून राहिली. उभ्या गाडीला हवा लागतेच थोडी, त्यात चोराची हवा उठून दिसते. पळताना समुद्रात खसखस."

बरोबर होतं हो. तेव्हाही मला आतून कळलं होतं की बरोबर आहे. पण शिष्येनं पहिल्याच फटक्यात गुरूला पाडायचं? मी म्हटलं, पैज लावा. तुम्ही म्हणालात, कशाची? आणि दोघींच्या तोंडून एकदमच आलं, पाय धुण्याची! सेन्सर खराब निघाला तर तुम्ही माझे पाय धुवायचे. सेन्सर खरा निघाला तर मी तुमचे. "आणि मागं सरायचं नाही हं," मी बजावलं. "पाकळ्या टाकायच्या पाण्यात," तुम्ही बजावलंत.

तो जुना सेन्सर काढतानाची दुपार मी मरेपर्यंत विसरणार नाही. गंजून बसलेला. गंज सोडवायचं तेल मारलं, लांब दांडीचा पाना लावला, तुम्ही माझ्या कमरेला धरून मागे ओढताय, मी पान्याला धरून ओढतेय, आणि तो एकदम सुटला. मी तुमच्यावर, तुम्ही लव्हेंडरच्या झुडपात. केतकी दारात येऊन किंचाळली, "ओ माय गॉड, आई! आर यू बोथ मॅड?" तुम्हाला हसून हसून उठता येईना. तुमच्या साडीला पुढं कितीतरी दिवस लव्हेंडरचा वास येत होता.

नवीन नाक बसवलं. डबीनं दिवा पुसला. मी अशी मिजाशीत, की विचारू नका. तुम्हाला रोज विचारायचे, पाणी कोमट ठेवताय ना? आणि मग एका गुरुवारी, हॅरोहून परतताना, आपल्याच राउंडअबाउटला, लागला की दिवा! तुम्ही डब्यातली एक सांबारवडी काढून माझ्या हातावर ठेवलीत, आणि खिडकीबाहेर बघत राहिलात. तुमचे खांदे मात्र हलत होते.

मग चोरवाट शोधणं सुरू. एक रबरी नळी कडक झालेली सापडली, ती बदलली. दिवा तसाच. थंडी वाढली, तुमचा खोकला वाढला. "नाताळ होऊ द्या, मग शोधू," तुम्ही म्हणालात.

नाताळनंतर तुम्ही हॉस्पिटलात होतात.

तिथलं एकच सांगते. तुमच्या बोटाला ती चिमटी लावलेली, मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा. तो उतरत होता. मी म्हटलं, ही चिमटीच खराब दिसते, बोटं गार असली की असं होतं. नर्सला बोलावलं. मोठी गुणाची पोर, तिनं दुसरी चिमटी आणली, दुसऱ्या हाताला लावली. आकडा तोच. तुम्ही मास्क जरा वर केलात, आणि त्या तसल्या अवस्थेत, विहीणबाई, तुमचे डोळे लव्हेंडरच्या झुडपातल्यासारखे हसत होते. "नाक बदललं. आकडा तोच. पटलं?" मग दम घेऊन म्हणालात, "त्याच्यावर खार नका खाऊ. खरं सांगून राहिलं बिचारं."

मी आपली पायाशी जाऊन बसले. पाय गारठलेले तुमचे. चोळले, लोकरीचे मोजे घातले. तुम्ही मागे घेतले नाहीत. डोळे मिटून म्हणालात, "हे धुण्यात धरायचं नाही हं. पैज बाकी आहे."

ते आपलं शेवटचं बोलणं. पुष्कळांना शेवटी शेवटी काय काय ऐकावं लागतं. मला थट्टा मिळाली. मी त्यासाठी रोज हात जोडते.

तुम्ही गेलात आणि पाठोपाठ एमओटीची तारीख आली. केतकी म्हणाली, "ऑनेस्टली आई, तो गाडी आता जुना झाला. लाइट ऑन असला तर फेलच होणार. स्क्रॅप करू या." तिचं मराठी असं, आणि तिचा हिशोब चुकीचा नव्हता. अमेय मला अजून मावशीच म्हणतो. म्हणाला, "मावशी, एमओटीपर्यंत बघा. नाही जमलं तर देऊन टाकू." आणि डाव्या सीटचा पट्टा उगाच ओढून परत सोडला. त्यात तुमच्या शालीचा एक धागा अडकलेला होता. तेव्हा मी ठरवलं, हिला भंगारात जाऊ द्यायची नाही. तुम्ही गेलात ते माझ्या हातात नव्हतं. ही आहे.

पण शोधायचं कुठं? सगळ्या नळ्या चाचपल्या, साबणाचं पाणी लावलं, वाकून वाकून कंबर गेली. केतकीकडे येऊन तुमच्या फोटोपुढं रोज उदबत्ती लावते मी. गेल्या आठवड्यात एका सकाळी लावली आणि बघते तर धूर सरळ वर जायचा सोडून खिडकीकडे वळलाय. जाऊन हात लावला, तर चौकटीच्या फटीतून हवा जात होती. मी फोटोकडे बघितलं. तुम्ही अगदी तसंच बघत होतात, खिडकीबाहेर बघताना बघायचात तसं.

उदबत्ती उचलली आणि गॅरेजमध्ये गेले. घाबरू नका, पेट्रोलचा थेंब कुठं सांडलेला नाही हे आधी बघितलं, आणि अमेयला आग विझवायचा डबा घेऊन शेजारी उभा केला. दुसऱ्या कुणी हा वेडेपणा करू नये. इंजिन चालू केलं, दार ओढून घेतलं अर्धं, म्हणजे वारा नको पण आम्हीही गुदमरायला नको. आणि धूर घेऊन हळूहळू फिरले, आरती ओवाळावी तशी. एका नळीपाशी, दुसरीपाशी. धूर आपला वर. तेल घालायच्या झाकणाशी आले, आणि धूर वाकला. सुर्रकन झाकणाखाली शिरला! मी झाकण तळव्यानं दाबून धरलं, तर हुंदके बंद. हात काढला, हुंदके सुरू.

"मावशी," अमेय म्हणाला, "झाकण तर घट्ट लागलंय."

इंजिन बंद केलं. झाकण फिरवून काढलं. आणि त्याच्या रबराच्या कडीखाली, तेलात मुरून काळपट झालेलं, देठासकट, मधे चिरलेलं, गिंकोचं पान.

विहीणबाई! तुम्ही गाडीलाही सोनं दिलं होतंत!

घोटभर तेल घातलंत, मग गाडीच्या तोंडावर पान ठेवलंत, आणि वरून झाकण लावून टाकलंत. तुमच्या सोन्याचा देठ कडीखाली, आणि त्या फटीतून सगळा मिल्टन कीन्सचा वारा इंजिनात. चोर शोधत होतो आपण, आणि चोराला दार उघडून दिलेलं पूजा करणाऱ्या बाईनं! मी तिथंच खाली बसले आणि हसत सुटले. अमेयला आधी काही कळेना. सांगितलं तेव्हा तो हसला, मग रडला, मग पुन्हा हसला. "आईनं मलाही दिलं होतं," म्हणाला. "माझ्या वॉलेटमध्ये आहे." काढून दाखवलं. तसंच, वाळकं, सोनेरी.

कडी पुसली, झाकण लावलं, डबीनं दिवा पुसला. आठवडाभर मी निळीला सगळ्या राउंडअबाउटना फिरवून आणलं. आकडा उभ्या गाडीतही शांत. दिवा नाही. आणि आज एमओटीवाल्यानं किल्ली परत देताना म्हटलं, "शी'ज रनिंग स्वीट." मी मनात म्हटलं, बाबा, तिला तेलाचा नैवेद्य असतो.

आता पैजेचं. नाक खरं बोलत होतं. जुनं नाकही खरंच बोलत होतं, मी उगाच त्याला काढून फेकलं. म्हणजे मी हरले. पण हवा घुसली ती तुमच्या हातून. म्हणजे तुम्ही हरलात. तुम्ही असतात तर यावर आपलं पुढच्या दसऱ्यापर्यंत भांडण चाललं असतं, आणि मला तेच हवं होतं, हो. निकाल नको होता मला. हॅरोपासून घरापर्यंतचं भांडण हवं होतं. "पान मी ठेवलं, पण झाकण असं तकलादू काहून बनवलं?" हे तुमचं वाक्य मला आत्ता ऐकू येतंय. उत्तरही तयार आहे माझ्याकडे. गुरुवारी जाताना देईन, मोठ्यानं. डावीकडच्या सीटवर अमेय येतोय बसायला, त्याला ऐकू गेलं तर जाऊ दे.

तर भांडायला तुम्ही नाही म्हणून निकाल मीच दिला. मी हरले. घरी आल्यावर पाणी तापवलं, कोमट. पाकळ्या नव्हत्या, अंगणात लव्हेंडर होतं, थंडीनं सुकलेलं, तेच चुरून टाकलं. चांदीचं तबक काढलं, ते लग्नातलंच. आणि निळीपाशी जाऊन बसले. आधी पुढचं डावं चाक, तुमच्या बाजूचं. मग बाकीची. चिखल होता, मीठ होतं रस्त्यावरचं, हातानं चोळून चोळून काढलं.

केतकी दारात आली. या वेळी किंचाळली नाही. आत जाऊन टॉवेल घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसून चाकं पुसायला लागली. "आई, कुंकू पण लावायचा?" म्हणाली. मी म्हटलं, लाव.

निळी मागे सरली नाही, विहीणबाई. आणि या वेळी पाणी कुंडीत ओतावं लागलं नाही.